गावठी कोंबडी रवणात (म्हणजे अंडी उबवायला) बसवली, त्याचा अनुभव

इनक्युबेटर घेऊ का, असं मला बरेच जण विचारतात आणि मी सगळ्यांना एकच सांगतो, पाच-दहा कोंबड्या असतील तर मशीनच्या नादाला लागू नका, चांगली खुडूक होणारी, म्हणजे अंडी उबवायला बसून राहणारी, एक गावठी कोंबडी बघा. आमच्याकडे संगमेश्वर तालुक्यात जरा वारा सुटला की लाईट जाते, ती कधी येईल कोणी सांगू शकत नाही, आणि तेवढ्यात मशीनमधली सगळी अंडी थंड. कोंबडीला लाईट लागत नाही, थर्मामीटर लागत नाही, पाण्याची वाटी ठेवायला लागत नाही. पण हे सांगताना पुढचं पण सांगायला पाहिजे, की अंडी उबवायचं काम ती शंभर टक्के करते, त्यात आपण जितकी कमी लुडबुड करू तितकं बरं, खरा घाम निघतो तो पिल्लं बाहेर आल्यानंतरच्या महिन्यात. यूट्यूबवर सगळे व्हिडिओ पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की संपतात, म्हणून लोकांना वाटतं झालं काम.

आमची जागा देवरुखच्या पुढे, घर आणि मागचं परडं धरून दहा-बारा गुंठे असेल. चार-पाच काजू, दोन हापूस, एक फणस, बाकी गवत आणि तीन बाजूंनी चिऱ्याचा गडगा. माझ्याकडे आधी काही गिरिराज होत्या, बंगळुरूची जात ती, अंडी चांगली देतात, अंगाने पण भरतात, पण अंडं घातलं की चालायला लागतात, मागे वळून बघत नाहीत. हैदराबादची वनराज घ्या नाहीतर हीच घ्या, जास्त अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींमधून खुडूक व्हायची सवय बरीचशी गेलीय, कारण उघड आहे, खुडूक झाली की अंडी बंद. गावठी उलट, दहा-पंधरा अंडी घालते आणि बसते, मग पिल्लं मोठी होईपर्यंत नाव नाही अंड्याचं, म्हणजे एका रवणाला अडीच-तीन महिने सहज जातात. वर्षाला पन्नास-साठ-सत्तर अंडी देईल फार तर. अंडी विकायची असतील तर हा तोट्याचा धंदा आहे, पिल्लं हवी असतील तर मात्र हिच्याशिवाय पर्याय नाही.

तर ही कोंबडी शेजारच्या काकीने दिली, अर्धेलीने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोंबडी तिची, सांभाळायची मी, पिल्लं निघतील ती अर्धी-अर्धी. शेळीचं पण असंच चालतं आमच्याकडे. काळी-तांबडी, मानेला जरा पिवळी झाक, आधी दोनदा पिल्लं काढून मोठी केलेली, आणि काकी म्हणाली तसं हीच गोष्ट महत्त्वाची, पहिलटकरीण कधीकधी अर्ध्यातून उठून जाते, अनुभवी उठत नाही.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस बघतो तर बाई संध्याकाळी खुराड्यात जाईनात. दुपारपासून पडवीतल्या पाटीत (टोपलीत) चपटी होऊन बसलेली, हात नेला की पिसं फुगवून दुप्पट व्हायची, आणि तो आवाज, खुड-खुड-खुड, अंडं घालताना करतात तो नव्हे, वेगळाच, एकदा ऐकला की विसरत नाही. चोच पण मारली. पोटाखाली हात घातला तर नुसतं गरम लागलं, पिसं नाहीतच, कारण छातीवरची पिसं झडून तिथली कातडी उघडी पडते आणि अंड्यांना थेट अंगाची ऊब मिळते. मशीनवाले साडेसदतीस डिग्रीसाठी जी काय यातायात करतात ती हिने पिसं झाडून सोडवली.

लगेच अंडी नाही ठेवली. काकी म्हणाली, "दोन दिस बघ, खोटी बसली असंल तर उठंल." मग दोन रिकामी जुनी अंडी खाली ठेवून दिली. नाही उठली.

अंडी मी आधीपासून जमवत होतो. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो, अंडी जास्तीत जास्त आठवडाभराची असावीत, धुवायची नाहीत, धुतली की वरचा थर जातो आणि आत घाण शिरते, आणि निमुळतं टोक खाली करून ठेवायची. आमच्याकडे पूर्वापार नाचणीच्या डब्यात खोचून ठेवतात, ते उत्तम, थंड पण राहतात आणि लोळत नाहीत. आणि वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली तरी एकाच दिवशी फुटतात, कारण ऊब मिळेपर्यंत आतला जीव वाढतच नाही, थांबून राहतो. म्हणूनच सगळी एकदम ठेवायची, आज चार उद्या तीन असं केलं तर पहिली पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन चालती होते आणि मागची अंडी तशीच राहतात. कोंबडा आहे ना ते पण बघा, त्याच्याशिवाय अंड्यात जीव धरत नाही, हसू नका, एकाने मला पोल्ट्रीची दुकानातली अंडी ठेवली तर चालतील का असं खरंच विचारलं होतं.

तेरा ठेवली. काकीच्या मते विषम आकडाच लागतो, माझ्या मते एवढीच तिच्या पोटाखाली नीट मावत होती, दोघांचं काम झालं. पाटीत खाली थोडी माती, त्यावर चुलीतली राख, वर पेंढा मोडून घातला आणि मध्ये हाताने खळगा केला. पेंढ्यात निरगुडीचा आणि करंजाचा पाला. हा पाला आणि राख शोभेला नाहीत हां, रवणातली कोंबडी एकवीस दिवस जवळपास हलत नाही, धुळीत लोळणं फारसं होत नाही, त्यामुळे उवा आणि ते बारीक लालसर किडे मोकाट वाढतात. लोक सरसकट पिसवा म्हणतात. एकदा झाले की रात्री कोंबडीचं रक्त पितात, पाटीला हात लावला तरी मिनिटभरात कोपरापर्यंत चढतात आणि मग अंगभर खाज. चांगली बसलेली कोंबडी अचानक अंडी सोडते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि लोक म्हणतात नजर लागली.

काकीने पाटीत एक लोखंडी खिळा, कोळसा आणि लाल मिरची पण ठेवली, परतीच्या पावसाच्या विजा होत्या, कडकडाटाने अंडी जातात म्हणे. मी काही बोललो नाही. खिळ्याने कोणाचं काही बिघडत नाही आणि कोंबडी तिची होती.

बसवली रात्री. अंधारात ठेवली की कोंबडी बावचळत नाही, सकाळपर्यंत तिची ती जागा होते. पाटी पडवीच्या कोपऱ्यात, वर डालगं (बांबूची मोठी टोपली) झाकलेलं, म्हणजे बाकीच्या कोंबड्या येऊन त्यातच अंडी घालणार नाहीत. तरी गोंधळ झालाच, घरातली दुसरी एक गावठी पण त्याच सुमारास खुडूक झाली आणि डालग्याला अंग घासत फिरायला लागली. तिची अंडी मला खायला हवी होती. जुना उपाय म्हणजे तिचंच एक पीस नाकपुड्यांतून आरपार घालायचं, म्हणजे ती दिवसभर मान झटकत फिरते आणि बसायचं विसरते. काकी पीस घेऊन तयारच होती. मला काही बघवेना, मी तिला जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्यात घालून पिंजरा काजूच्या फांदीला टांगला, खालून वारा लागून पोट गार राहिलं की खूळ उतरतं, दाणा-पाणी आतच. तीन-चार दिवसांत आली लाईनवर. काकीच्या मते पीसवाला उपाय फुकटचा आणि एका दिवसाचा. असेल.

रवणातली कोंबडी दिवसातून साधारण एकदाच उठते. आमची सकाळी नऊच्या सुमारास उठायची, पिसं फुगवून, कोणावर तरी खेकसत, दाणे गिळायची, पाणी प्यायची, एक भली मोठी आणि भयंकर वासाची हगवण टाकायची (रोज टाकायची, आजार नाही तो, दिवसभराचं साठवलेलं असतं), जरा धुळीत अंग घासायची आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. तेवढ्यात अंडी थंड होतील म्हणून घाबरायचं कारण नाही. एखादी उठतच नाही, तिला डालगं काढून हाताने उचलून बाहेर ठेवायला लागतं, फक्त उचलताना पंखाखाली अंडं अडकलंय का बघायचं. अंडी फिरवायचं काम ती चोचीने करते, दिवसरात्र, कडेचं मध्ये, मधलं कडेला. मी पेन्सिलने एका बाजूला खूण केली होती, दर वेळी खूण वेगळीकडे.

आठवड्याने रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघितली. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर अंड्याची जाड बाजू धरायची. ज्यात जीव धरलाय त्यात मध्ये काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या लाल शिरा, आणि नीट धरलं तर तो ठिपका हलतो. बायकोला दाखवलं तर ती पाच मिनिटं तेच एक अंडं धरून बसली, मी म्हटलं ठेव आता, गार होतंय. दोन साफ निघाली, आरपार पिवळी, ती काढून टाकली, नाहीतर पुढे कुजून आत फुटतात आणि त्या घाणीने बाकीची पण जातात. त्यानंतर टॉर्च बंद. रोज रोज बघायची हौस असते, पण नको.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत ती उठायची बंदच झाली. कान लावला तर अंड्यातून चिव ऐकू यायचं आणि वरून ती हळू आवाजात उत्तर द्यायची. एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला बारीक टवका, दुपारपर्यंत तेवढाच टवका, आणि इथेच माणसाचा धीर सुटतो, वाटतं जरा कवच सोलून मदत करावी. नका करू. पिल्लू आत थांबलेलं असतं ते उगाच नाही, पातळ पडद्यातल्या शिरांमधलं रक्त आटायचं असतं आणि राहिलेलं बलक पोटात ओढून घ्यायचं असतं, टवका पडल्यापासून बाहेर यायला बारा तास लागू शकतात, दिवसभर पण. घाईने सोललं तर रक्त येतं. त्याच पोटातल्या बलकावर पिल्लू पहिले दोन दिवस काही न खाता राहतं, म्हणून पहिलं निघालं की लगेच कण्या घेऊन धावायची गरज नाही, उशिरा निघणाऱ्यांसाठी आईला बसून राहू दे. संध्याकाळी पंखाखालून एक डोकं बाहेर, मग पाठीवरून एक, रात्रीपर्यंत दहा झाली. अकरावं आतच मेलं होतं, ते होतं कधीकधी.

आता खरं काम.

पाणी आधी. खोल भांडं ठेवलंत तर पिल्लू बुडून मरतं, बोटभर पाण्यात पण मरतं. आम्ही उथळ ताटलीत गोटे घालून ठेवलं, गोट्यांच्या फटीतून पितात. हळदीचं पाणी सगळेच सांगतात, मी पण घालतो चिमूटभर, नुकसान काही नाही, पण त्याने रोग थांबतो असं समजून लस टाळू नका. खायला तांदळाची बारीक कणी, नाचणी, आणि पहिल्या आठवड्यात उकडलेलं अंडं कुस्करून (हो, अंडंच). नुसत्या कणीवर पिल्लं जगतात पण वाढत नाहीत, पंख लोंबतात, त्यांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं. पिशवीतलं स्टार्टर खाद्य आणलं तर प्रश्नच नाही, पण आमच्याकडे त्याहून भारी वस्तू फुकट मिळते ती म्हणजे वाळवी. फुटकं मडकं घ्यायचं, त्यात ओलसर शेण, वाळका पाला आणि गोणपाटाचे तुकडे कोंबायचे, आणि संध्याकाळी वारुळाजवळ किंवा जिथे वाळवी दिसते तिथे पालथं घालून ठेवायचं. सकाळी उलटं केलं की आत पांढरी वळवळ. ते अंगणात झटकलं आणि कोंबडीने एकदा टुक-टुक केलं की जी काय धावाधाव होते, दहा पिल्लं एकमेकांच्या अंगावरून, एकाच्या तोंडातली दुसरं पळवतंय, आणि ती स्वतः एक पण खात नाही, चोचीत उचलते आणि त्यांच्यासमोर टाकते. मडकं घरापासून लांबच लावा, नाहीतर वासे जातील.

मग लस. मानमोडी म्हणजे राणीखेत आला की वाडीतली खुराडी रिकामी होतात, हिरवट-पांढरी हगवण, माना वाकड्या, आणि औषध नाही. आमच्याकडे तो उन्हाळ्याच्या तोंडाला हमखास येतो. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, एवढंच करायचं असतं, पण अडचण अशी की लस कुपीत येते ती शंभर-दोनशे पक्ष्यांची, एकदा पातळ केली की दोन तासांत संपवायला लागते, आणि घरात पिल्लं दहा. म्हणून लोक देतच नाहीत. आम्ही काय केलं, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून ठेवली, वाडीत ज्यांच्याकडे पिल्लं होती त्यांना निरोप दिला आणि रविवारी सकाळी थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली. आठ-नऊ घरांतून लोक टोपल्या, खोके, एक जण तर प्रेशर कुकरमध्ये पिल्लं घेऊन आला. थेंब डोळ्यात पडल्यावर पिल्लू डोळा मिटेपर्यंत धरायचं, लगेच सोडलं तर झटकून टाकतं. चौथ्या आठवड्यात परत लासोटा, आणि आठव्याला पंखाखाली इंजेक्शन ते वेगळं. आपल्या एकट्याची देऊन उपयोग कमी असतो तसं पण, शेजारची कोंबडी आजारी तर आपली किती दिवस वाचणार.

रात्रीचा शत्रू घूस आणि मुंगूस. कोंबडजाळी लावून निश्चिंत झोपणारे बघितलेत मी, त्या षटकोनी भोकातून छोटा उंदीर आरामात आत जातो आणि मुंगूस तर जाळीच तोडतो. अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी) लावा, खालून पण, कारण घूस जमीन उकरून येते. खुराडं जमिनीपासून वर असेल तर चांगलं पण पहिले दोन-तीन आठवडे पिल्लं चढू शकत नाहीत, ती खाली आईच्या पोटाखालीच, म्हणून आम्ही संध्याकाळी सगळं लटांबर पडवीत आणून डालग्याखाली झाकत होतो आणि वर दगड. सकाळी दव उडाल्याशिवाय सोडायचं नाही, ओल्या गवतात फिरून पिल्लं गारठतात, आणि ओलीच्या जागेत रक्ती हगवण पण लवकर धरते. पावसाळ्यात रवण बसवू नये म्हणतात ते याचसाठी.

आणि दिवसाचा शत्रू घार. पहिला आठवडाभर पिल्लं कोंबडीसकट डालग्यात होती तोपर्यंत काही नाही, दुसऱ्यात मोकळी सोडली आणि दहा-अकराच्या उन्हाला ती वर गोल फिरायला लागली. कोंबडी एक लांब, घोगरा, कर्रर्र असा आवाज काढते आणि त्या आवाजाला पिल्लं शिकवल्याशिवाय जिथे असतील तिथून आडोशाला पळतात, हे मी कितीदा बघितलं तरी कौतुक वाटतं. पण आडोसा असेल तर ना. परड्याच्या मधला भाग साफ बोडका, तिथे एक गेलं. आवाज पण नाही, सावली आली आणि नऊ राहिली. नंतर एक कावळ्याने नेलं, ते अगदी दारातून. जुन्या सीडी टांगून झाल्या, त्या दोन दिवस चालतात मग घार पण ओळखते. घारीला दगड-बिगड मारायचा नाही, वन्यजीव कायद्यात आहे ती. शेवटी जे चाललं ते असं, गडग्याला टेकून जागोजागी माडाच्या झावळ्या तिरक्या उभ्या केल्या, दोन उड्यांवर एक आडोसा मिळेल अशा, आणि अंगणावर रत्नागिरीहून आणलेलं मच्छीमारांचं जुनं जाळं ताणलं. त्यानंतर एकही नाही गेलं. जाळ्यात मीच दोनदा अडकलो ते सोडा.

दीड महिन्यापर्यंत ती त्यांना घेऊन फिरली. कुत्रं अंगणात आलं तर त्याच्या नाकावर उडी, आमच्या बोक्याला तर तिने असा धडा दिला की तो अजून पडवी टाळून मागच्या दाराने येतो. मग एक दिवस दाणे टाकले तर स्वतःच खायला लागली, जवळ आलेल्या पिल्लाला टोच मारली. पिल्लं दोन दिवस गोंधळलेली, मागे मागे जातायत आणि मार खातायत. आठवड्याभरात तिचा तुरा परत लाल झाला आणि कोंबड्याशी बोलणं सुरू झालं, म्हणजे अंडी आलीच. तोपर्यंत पिल्लांमधले कोंबडे पण ओळखू यायला लागले, तुरा लवकर फुटतो, पाय जाड, आणि दोघं समोरासमोर आले की मान फुगवून उभे.

आठव्या आठवड्याचं इंजेक्शन झालं आणि काकी वाटणीला आली. आठ होती, मी चार-चार धरून चाललो होतो. काकी म्हणाली, "दहा निघाली ना? मग पाच माझी." मी म्हटलं काकी, दोन घारीने-कावळ्याने नेली ती? "राखायची कोणी होती? तू. मग गेली ती तुझ्यातली." याला उत्तर नाही, अर्धेलीचा नियमच तसा आहे म्हणे, बायको पण तिच्याच बाजूने. पाचात चार तलंगा (तरण्या कोंबड्या) उचलल्या तिने, टोपलीत घालताना एकेकीचं पोट चाचपून. मला दोन कोंबडे आणि एक तलंग राहिली, कोंबडे राखणीला लागतीलच म्हणाली. कोंबडी परत नेणार का विचारलं तर म्हणाली राहू दे तुझ्याकडेच, जाळं पण लावलंयस आता, पुढच्या रवणाची परत अर्धेली.